दुकानातला टेडी, अंथरुणातला ससा

मराठी मध्यमवर्गीय घरात टेडीची एक ठरलेली जागा असते: कपाटाच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वाढदिवसाला कुणीतरी दिलेला, पांढरा नाहीतर गुलाबी, गळ्यात सॅटिनची रिबीन, बसलेल्या मुलाएवढा थोराड. 'खराब होईल' म्हणून पिशवी कधी काढलेलीच नसते. त्याच घरातलं मूल रात्री झोपतं ते मात्र जत्रेतून आणलेला, एक कान लोंबणारा, मूळचा रंग ओळखू न येणारा ससा काखोटीला मारून. मऊ प्राण्यांचं मुलांना एवढं वेड का, यावर गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत मनोविश्लेषकांनी, प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी पुष्कळ लिहून ठेवलं आहे. ते एकत्र वाचलं की लक्षात येतं, या खेळण्याला गिऱ्हाइकं दोन आहेत. मोठी माणसं ते डोळ्यांनी घेतात. मूल घेतं नाकाने, गालाने आणि तोंडाने. आवडीची अर्धी कोडी या दोन गिऱ्हाइकांची गल्लत केल्यामुळे पडलेली आहेत.

मुळात हे खेळणं मुलांसाठी जन्मलंच नाही. जर्मनीतल्या गींगेन गावी मार्गारेटे श्टाइफ ही शिवणकाम करणारी बाई राहत होती. लहानपणीच्या पोलिओने पाय गेलेले, उजवा हात अधू, सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. १८८० साली तिने मासिकातल्या एका नमुन्यावरून फेल्टचा छोटा हत्ती शिवला, तो टाचण्या खुपसून ठेवायला. बायकांच्या शिवणाच्या पेटीसाठी केलेले हे हत्ती त्यांच्या मुलांनी लंपास केले, आणि बाईंच्या लक्षात आलं की धंदा टाचण्यांत नाही, हत्तीत आहे. पुढे तिचा पुतण्या रिखार्ट याने प्राणिसंग्रहालयात बसून काढलेल्या चित्रांवरून १९०२ मध्ये हातपाय हलणारं अस्वल तयार केलं. १९०३ च्या लाइपझिगच्या खेळणी-मेळ्यात एका अमेरिकन व्यापाऱ्याने त्याचे ३,००० नग मागवले. १९०७ या एका वर्षात कारखान्यातून ९ लाख ७४ हजार अस्वलं बाहेर पडली.

अमेरिकेतली कथा जास्त ऐकलेली असते, पण तिचा शेवट सहसा गाळून सांगतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. त्यांचा वाटाड्या होल्ट कॉलियर याने कुत्र्यांनी घेरलेलं एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला रूझवेल्टनी नकार दिला. 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये क्लिफर्ड बेरीमनने त्यावर व्यंगचित्र काढलं, ब्रुकलिनच्या मॉरिस आणि रोझ मिच्टम या मिठाईवाल्या जोडप्याने कापडी अस्वल शिवून दुकानाच्या काचेत मांडलं आणि त्याला रूझवेल्टांचं 'टेडी' हे लाडकं नाव चिकटलं. गाळला जाणारा भाग असा की जखमी अस्वलाचे हाल संपवायला रूझवेल्टनीच सांगितलं आणि ते सुऱ्याने मारलं गेलं. आणखी एक बारीक गोष्ट: बेरीमनच्या पहिल्या चित्रातलं अस्वल बऱ्यापैकी मोठं आहे. नंतर तो रूझवेल्टांच्या चित्रांत ते वारंवार काढू लागला तेव्हा ते लहान, गोल डोळ्यांचं, घाबरलेलं पिल्लू झालं होतं. म्हणजे खेळण्याआधी चित्रातच त्याचं बाळ झालं.

या बाळ होण्याचा पुढे रीतसर अभ्यास झाला. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, चेहऱ्यात खाली उतरलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय ही ठेवण दिसली की माणसाच्या मनात वात्सल्य आपोआप जागं होतं, मग ते पिल्लू कुणाचंही असो. १९८५ साली रॉबर्ट हाइंड आणि बार्डन या अभ्यासकांनी केंब्रिजमध्ये जमवलेले वेगवेगळ्या काळातले टेडी चक्क मोजपट्टीने मोजले. सुरुवातीच्या अस्वलांची तोंडं लांबुळकी, खऱ्या अस्वलासारखी. जसजशी दशकं गेली तसतसं कपाळ वाढत गेलं आणि नाकाड आखूड झालं. कुणी ठरवून केलेलं नव्हतं. जी खपली तीच पुन्हा शिवली गेली.

पण खपली कुणाच्या पसंतीने? १९९५ मध्ये मॉरिस, रेड्डी आणि बंटिंग यांनी हाच प्रश्न मुलांपुढे ठेवला. लांब तोंडाची अस्वलं आणि बाळतोंडी अस्वलं मांडून त्यांना निवडायला सांगितलं. सहा आणि आठ वर्षांच्या मुलांनी बाळतोंडी अस्वलं उचलली. चार वर्षांच्यांचा मात्र तसा काहीच कल दिसला नाही. ज्या वयात टेडीला खरोखर मिठी मारून झोपतात, त्या वयाला त्याच्या चेहऱ्याचं फारसं पडलेलं नाही. कपाळ वाढवलं ते पैसे देणाऱ्यांनी. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात मोलाचा छोटा प्रयोग आहे, आणि खेळणी बनवणाऱ्यांना तो कळला नसावा किंवा पुरेपूर कळला असावा.

मग मुलाला पडलेलं असतं ते कशाचं? पहिलं ठोस उत्तर माकडांकडून आलं. विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो यांनी ऱ्हीसस माकडांची पिल्लं आईपासून तोडून वाढवली. ऱ्हीसस म्हणजे उत्तर भारतात देवळांभोवती दिसणारं लाल तोंडाचं माकड. त्या काळात ती इथून हजारोंनी अमेरिकेला पाठवली जात. पिल्लांच्या पिंजऱ्यात दोन 'आया' असत. एक नुसत्या तारेची, तिला दुधाची बाटली लावलेली. दुसरी लाकडी ठोकळ्यावर फोम आणि वर टॉवेलचं कापड गुंडाळलेली, दूध नसलेली. पोट भरतं तिथे जीव लागतो, असं तेव्हाचं शास्त्र सांगत होतं. पिल्लं तारेच्या आईकडे दूध प्यायला जात आणि दिवसातला बाकीचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून काढत. भीती वाटली की धाव तिकडेच. १९५८ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि त्याचा दाखला आजही प्रत्येक सॉफ्ट टॉयच्या कौतुकात दिला जातो. त्याची दुसरी बाजू तितक्या उत्साहाने कुणी सांगत नाही: नुसत्या कापडी आईवर वाढलेली ती पिल्लं मोठेपणी इतर माकडांत मिसळू शकली नाहीत, त्यांतल्या माद्यांना स्वतःची पिल्लं सांभाळता आली नाहीत. मऊ कापडाने धीर येतो. त्याने पिल्लू वाढत नाही.

आणि मऊपणाचंही फार माजवू नये. पहिली श्टाइफ अस्वलं मऊ नव्हतीच. वरून मोहेर लोकर आणि आत गच्च दाबून भरलेले लाकडाचे बारीक, कुरळे तंतू; हातात घेतलं तर वजनदार, दाबलं तर करकरणारं. पुढे कपोक आलं, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, तोही मुख्यतः जावाहून जाणारा. सावरीच्या कापसाची उशी ज्यांनी वापरली आहे त्यांना ते हलकेपण माहीत असतं. फोम आणि पॉलिएस्टर दुसऱ्या महायुद्धानंतरचं. पूर्ण धुता येईल असा टेडी वेंडी बोस्टन या ब्रिटिश बाईंच्या कारखान्याने १९५४ मध्ये काढला. म्हणजे पहिली पन्नास वर्षं मुलांनी जीव लावला तो न धुता येणाऱ्या, सुरुवातीला तर टणक अस्वलांना.

न धुता येणं हा दोष की गुण, इथे डोनाल्ड विनिकॉट येतात. लंडनचे हे बालरोगतज्ज्ञ नंतर मनोविश्लेषक झाले आणि पालकांशी रेडिओवरून साध्या भाषेत बोलत. १९५१ मध्ये वाचलेल्या आणि १९५३ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधाशिवाय या विषयावर आजही पान हलत नाही. त्यांचं म्हणणं असं: चार ते बारा महिन्यांच्या सुमाराला मूल कधीतरी एखादी वस्तू धरतं, रजईचं टोक, लोकरीचा गोळा, एखादं कापडी जनावर. ती त्याची पहिली अशी मालमत्ता, जी धड त्याच्या अंगाचा भाग नाही आणि धड बाहेरची परकीही नाही. आई आणि आपण वेगळे आहोत हे उमगण्याच्या अवघड काळात ती मधली जागा सांभाळते. तिला कुरवाळतात, चावतात, आपटतात. तिने टिकलं पाहिजे. तिच्यात बदल करायचा हक्क फक्त मुलाचा. म्हणून आयांना कळतं की ही वस्तू धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडेल, आणि त्या तिला मळू देतात, कुबट वास येऊ देतात. विनिकॉट मोठ्यांना आणखी एक शहाणपण सांगतात: 'हे तू कल्पिलंस की तुला बाहेरून मिळालं?' असं मुलाला कधीच विचारायचं नाही. घरातला हा न बोललेला करार असतो.

विनिकॉटांचा निबंध निरीक्षणावर उभा आहे, प्रयोगावर नाही. प्रयोग नंतर झाले. त्यांतला सगळ्यात खट्याळ म्हणजे ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांचा, २००८ चा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी दिवे आणि बटणं लावलेल्या दोन पेट्या दाखवल्या आणि सांगितलं की हे नक्कल करणारं यंत्र आहे. एका पेटीत वस्तू ठेवायची, घरघर आवाज होतो आणि दुसऱ्या पेटीत तंतोतंत तशीच निघते. साध्या खेळण्याची 'नक्कल' मिळाली तेव्हा बऱ्याच मुलांनी खुशाल नवी नक्कलच घेतली. पण ज्यांचा झोपेचा सोबती ठरलेला होता, त्यांतल्या काहींनी तो यंत्रात ठेवायलाच साफ नकार दिला, आणि ज्यांनी ठेवू दिला त्यांतल्या बहुतेकांना परत हवा होता तो मूळचाच. कण न् कण सारखा असला तरी दुसरा तो 'तो' नव्हे. देव्हाऱ्यातले पणजोबांपासूनचे टाक आणि सराफाकडचे नवे टाक यांत आपण जो फरक करतो, तोच तीन वर्षांचं पोर करत असतं. हूड यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की मुलं सुखदुःख, विचार, इच्छा बहाल करतात ते जीव जडलेल्या खेळण्याला. नुसता नाकडोळा असलेल्या दुसऱ्या खेळण्याला तेवढं मन ती देत नाहीत. मूल 'सगळ्यांत जीव पाहतं' असं ढोबळपणे म्हणण्यात अर्थ नाही. ते निवड करतं.

अशी सोबत लागणं हे दुबळेपणाचं लक्षण, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. 'एवढा मोठा झालास तरी ससा लागतो?' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं. रिचर्ड पासमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हे तपासलं. अनोळखी खोलीत सोडल्यावर, जी मुलं आपल्या पांघरुणाला चिकटलेली होती ती पांघरूण जवळ असताना तेवढीच मोकळेपणी खेळली, इकडेतिकडे फिरली, जेवढी दुसरी मुलं आई जवळ असताना. जीव न जडलेल्या मुलांना त्याच पांघरुणाचा काही उपयोग झाला नाही. पुढे २००० मध्ये डॉक्टरांच्या तपासणीच्या वेळीही हेच आढळलं. अशा सोबतीची मुलं जास्त भित्री असतात, हे काही कुठे सिद्ध झालेलं नाही.

आतापर्यंतच्या सगळ्यात मूल धीर घेणारं आहे. पण मूल टेडीशी वागतं कसं ते जवळून पाहावं. त्याला मांडीवर उताणं घालून, पायाने हेलकावे देत ते दटावत असतं: 'डोळे मिट. मिट म्हटलं ना! भात संपवला नाहीस, आता पोटात दुखेल तर मला सांगू नकोस.' शब्द, चढलेला सूर, कमरेवर ठेवलेला हात, सगळं आईचं. घरात सर्वांत लहान असलेल्या माणसाला हाताखाली कुणीतरी मिळालेलं असतं. इस्रायलच्या आवी सादेह यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला उपक्रम नेमका इथून सुरू झाला. २००६ च्या लेबनॉन युद्धात घर सोडावं लागलेल्या लहान मुलांना त्यांनी लांब हातांचा कापडी कुत्रा दिला. 'हा तुला धीर देईल' असं सांगितलं नाही. उलट सांगितलं की हा एरवी आनंदी असतो, पण घरापासून दूर आल्यामुळे फार उदास आहे, याला जवळ घेणारं कुणी नाही, तू सांभाळशील का? ज्या मुलांनी त्याची काळजी मनापासून घेतली त्यांची झोपमोड, रडारड, आईला चिकटून राहणं अधिक घटलं. मला विनिकॉटपेक्षाही हा कुत्रा जास्त पटतो. मुलाला आधार मिळाला, पण तो आधार देऊन मिळाला.

बाहुली सोडून जनावरच का, याचंही उत्तर बहुधा यात आहे. बाहुलीला वय असतं, ती मुलगी असते, तिला नीट वागवावं लागतं. अस्वलाला हे काही नसतं. ते मुलाचंही चालतं, मुलीचंही. १९०७ साली मिशिगनमधल्या एका पाद्र्याने टेडीविरुद्ध प्रवचन झोडलं होतं: बाहुली सोडून मुली अस्वलं कवटाळू लागल्या तर मातृत्वाची ओढ नष्ट होईल आणि वंश बुडेल. एवढं टिकणारं खेळणं ओळखण्यात पाद्रीबुवांची नजर तेवढी तीक्ष्ण होती.

आता हे सगळं इंग्लंड-अमेरिकेत जमवलेलं ज्ञान. तिथे तान्हं मूल वेगळ्या पाळण्यात, बऱ्याचदा वेगळ्या खोलीत झोपतं. इटलीत गाद्दिनी दांपत्याने १९७० मध्ये तुलना केली तेव्हा खेड्यातल्या शंभर मुलांत जेमतेम पाच मुलांना अशी सोबत लागत होती, रोम शहरात एकतीसएक, आणि रोममध्ये राहणाऱ्या परदेशी कुटुंबांत साठाच्या वर. टोकियो आणि न्यूयॉर्क यांची तुलना २००३ मध्ये झाली, तेव्हा आकडे ३८ आणि ६२ टक्के निघाले. मूल आईच्या कुशीत झोपत असेल तर आईची जागा राखायला कुणी लागत नाही.

आपल्याकडच्या जुन्या खेळण्यांकडे या नजरेने पाहिलं की एक गोष्ट ठळक दिसते. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळं, भातुकलीची पितळी भांडी, बैलपोळ्याचे मातीचे बैल, लाकडी ठकी: जवळजवळ सगळं कडक. चिंध्यांची बाहुली हा अपवाद. प्राणी तर मातीचे, लाकडाचे. मऊपणा खेळण्यात शोधायची गरज नव्हती. तो बाळंतविड्यातल्या दुपट्यांत होता, आजीच्या धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्याच्या गोधडीत होता, आणि मुख्य म्हणजे शेजारी झोपलेल्या माणसात होता. आईच्या पदराचं टोक चोखणारी, तिची कानाची पाळी चोळत झोपणारी, ठरावीक दुपट्याशिवाय प्रवासाला न निघणारी मुलं कुणी पाहिली नाहीत? विनिकॉटांची वस्तू आपल्याकडे होतीच, तिला फक्त नाकडोळे नव्हते. आज मूल पाळणाघरात जातं, आई-बाबा रात्री उशिरा येतात, आजी गावी असते. शहरी मराठी मुलाच्या अंथरुणात ससा आला तो याच वाटेने, जाहिरातींच्या वाटेने फक्त थोडासा. तो आईच्या आणि मुलाच्या मधोमध झोपतो, हे मात्र अगदी आपलं.

टेडीला बोलतं करण्याची हौस जुनी आहे. १९८५ मध्ये पाठीत कॅसेट घातलेला 'टेडी रक्सपिन' आला. २०१७ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या 'क्लाउडपेट्स'मधले मुलांचे आणि पालकांचे वीस लाखांहून जास्त ध्वनिसंदेश उघड्यावर पडल्याचं निष्पन्न झालं. आता चॅटबॉट बसवलेली अस्वलं आली आहेत आणि त्यांतलं एक २०२५ च्या अखेरीस, मुलांना काडेपेटी कशी पेटवायची हे सांगतं असं तपासणीत आढळल्यावर विक्रीतून काढावं लागलं. धोक्याचा भाग बाजूला ठेवला तरी कल्पनाच उलटी आहे. दटावलं की गप्प ऐकून घेणारं, तेच म्हणणारं जे मुलाला म्हणायचं आहे, असं एक तरी माणूस मुलाला लागतं. उत्तरं देणारी माणसं घरात पुष्कळ असतात. मोठ्यांसाठीचं गणित वेगळं असू शकतं. जपानच्या ताकानोरी शिबाता यांनी बनवलेलं 'पारो' हे यांत्रिक सीलचं पिल्लू स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या आश्रमांत वापरतात. कुत्रा-मांजर न निवडता सील निवडला, कारण खरा सील कसा वागतो हे बहुतेकांना माहीत नसतं, त्यामुळे नक्कल फसल्याचं लक्षात येत नाही. तेही बोलत नाही, नुसतं हुंकारतं.

राहिला घरातल्यांच्या कामाचा भाग. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी कोणतंही मऊ खेळणं नको, असं अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बजावते, कारण नाकातोंडावर आलं तर बाळाला ते दूर सारता येत नाही. त्यापुढच्या वयात डोळे आणि नाक ओढून पाहावं. बटणाच्या डोळ्यांपेक्षा धाग्याने भरलेले बरे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएस ९८७३ या मानकानुसार आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं आहे. सिग्नलवर विकल्या जाणाऱ्या भल्यामोठ्या टेडींवर ते शोधायला जाऊ नये, सापडत नाही. आत काय भरलं आहे तेही कळत नाही. दम्याच्या किंवा सर्दीच्या मुलाचा ससा धुतला पाहिजेच, विनिकॉट काही म्हणोत. कडक गरम पाण्यात धुतल्याने धुळीतले किडे मरतात. मुलाला आधी सांगून, त्याच्यादेखत बादलीत घालावा आणि रात्रीच्या आत वाळेल अशा बेताने सकाळीच काढावा. काही हुशार पालक हरवायच्या भीतीने तसाच दुसरा आणून ठेवतात. तो पहिल्या महिन्यापासून आलटून पालटून दिला तर दोघं सारखेच मळतात आणि चालून जातं. दोन वर्षांनी ऐन वेळी काढलेल्या जुळ्याला मूल एकदाच हुंगतं आणि पलंगाखाली टाकून देतं.